एका ग्रामसभेचा तेंदू चौदा गावांचा होतो तेव्हा

तुमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा (गावाच्या जंगलावरच्या हक्काचा कागद) मिळालाय. दोन-तीन हंगाम तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, लिलाव तुम्ही स्वतः केलाय, घरोघरी बोनसही (मजुरीच्या वर आलेला विक्रीचा पैसा) वाटलाय. आणि आता शेजारच्या गावची माणसं येऊन म्हणतात, "आमाले बी घ्या तुमच्यात." इथवर पोचलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे. पट्टा कसा मिळवायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्यानंतर वाढायचं कसं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चांगल्या चाललेल्या ग्रामसभा मी याच वळणावर फुटताना पाहिल्या आहेत.

मी गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबरोबर पहाटे अंधारातच पानं तोडायला जायची. दुपारी परसात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. पुढे मी फळीची मुंशी (पुडे मोजून लिहिणारी) झाले, मग गावाचा हिशेब माझ्याकडे आला, आणि आता चौदा गावांच्या महासंघाची वही माझ्या घरात असते. त्या वहीतून शिकलेलंच इथे सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. विक्री एकत्र करायची, मालकी एकत्र करायची नाही. एका गावाचा दीडशे-दोनशे गोणी तेंदू असेल तर मोठा खरेदीदार तुमच्या दारी येत नाही. त्याचा दलाल येतो आणि तो सांगेल तोच भाव. चौदा गावांचा माल एका जाहिरातीत आला की चार-पाच खरेदीदार समोर बसतात. एकत्र येण्याचा फायदा एवढाच, आणि तो मोठा आहे. पण जंगल कोणाचं, पैसा कोणाच्या खात्यात, तोड कधी थांबवायची, हे ज्या त्या गावानेच ठरवायचं. कायदाही हेच सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेच्या लोकांना दिली, आणि तेंदू, बांबू, मध, डिंक, लाख हे सगळं त्यात येतं. सप्टेंबर २०१२ मध्ये नियम सुधारले, तेव्हा हा माल गोळा करणाऱ्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सहकारी संस्थांनी, संघांनी, महासंघांनी विकायचा असं स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे महासंघाला कायद्यात जागा आहे, पण ती विकणाऱ्याची. महासंघाच्या नावावर जंगल घेऊ नका आणि तसा ठराव कोणी मांडला तर तिथेच अडवा.

शेजारच्या गावाला हो म्हणण्याआधी

आम्ही सुरुवातीला घाई केली. पाच गावांची नऊ केली ती एका बैठकीत, टाळ्या वाजवून. मे महिन्यात दोन गावांच्या फळीवर एकाच टेकडीची पानं आली. नाल्याच्या अलीकडची बाजू आमची, असं दोघंही म्हणत होते, आणि दोघांच्याही पट्ट्यात ती टेकडी होती. नकाशा कोणी नीट पाहिलाच नव्हता. हंगाम ऐन भरात असताना फळी तीन दिवस बंद राहिली. तेंदूला तीन दिवस म्हणजे फार. पान तयार होतं, मऊ राहतं आणि जून होतं, हे सगळं मोजक्या आठवड्यांत उरकतं.

आता आम्ही गाव घेतो ते असं. पट्टा आणि नकाशा दोन्ही समोर ठेवायचे. जानेवारीत, पानगळीत जंगल मोकळं दिसतं तेव्हा, दोन्ही गावांतली म्हातारी माणसं घेऊन शीव चालायची. कागदावरची रेघ आणि चुलत्याच्या आठवणीतली रेघ वेगळी निघाली तर दोन्ही ग्रामसभांनी मिळून एक ठराव करायचा. वाद मिटत नसेल तर त्या वर्षी ती टेकडी कोणीच तोडत नाही. त्या गावाचं स्वतःचं बँक खातं आणि स्वतःचा पॅन हवा. मागच्या हंगामाची त्यांची वही आम्ही बघतो. वही नीट नसेल तर एक वर्ष थांबा म्हणतो आणि त्या वर्षी त्यांचा एक मुलगा आणि एक मुलगी आमच्या फळीवर शिकायला ठेवतो. लोकांना राग येतो. येऊ द्या. एका गावाची कच्ची वही मे महिन्यात तेराही गावांना भोवते.

पैसा आधी लागतो, येतो नंतर

वाढताना सगळ्यात जास्त गावं इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तेंदूचं काम मे मध्ये सुरू होतं असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाईने सुरू होतं. झुडपं जमिनीलगत छाटली की नवी, मोठी, मऊ पानं फुटतात. त्या छाटणीची मजुरी तेव्हाच द्यावी लागते. मग फळीची जागा साफ करायची, सुतळी आणायची, मुंशी ठेवायचे. पुडे यायला लागले की दर आठवड्याला तोडणाऱ्यांना पैसे हवेत, कारण त्याच पैशावर घरात बी-बियाणं यायचं असतं. एका गावात हे उसनवारीने निभावतं. चौदा गावांत निभावत नाही.

हिशेब करून बघा. एक प्रमाण गोणी म्हणजे हजार पुडे. समजा शंभर पुड्यांना ₹४०० मजुरी ठरली, तर गोणीला ₹४,००० झाले. एका गावात दोनशे गोणी झाल्या की ₹८ लाख. चौदा गावांचे ₹१ कोटी १२ लाख, आणि हे सगळे जेमतेम तीन आठवड्यांत वाटायचे. एवढा पैसा ग्रामसभेकडे नसतो. बँक हंगामापुरतं कर्ज देत नाही, कारण तारण काय ठेवणार? जंगल तारण ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. मग हा पैसा खरेदीदाराकडूनच आला पाहिजे, आणि तो कधी येणार हे करारातच लिहिलेलं हवं.

आमचा करार आता असा असतो. सही होताना अनामत. खुटकटाईच्या आधी पहिला हप्ता, तोही प्रत्येक गावाच्या खात्यात थेट, महासंघाच्या खात्यात नाही. फळी सुरू होताना दुसरा. त्यानंतर जेवढे पुडे मोजले तेवढ्याची मजुरी दर आठवड्याला. फळीवर संध्याकाळी मोजून झालेला पुडा त्या क्षणापासून खरेदीदाराचा, रात्री पाऊस आला तरी त्याचा. हे कलम लिहून घेतलंच पाहिजे. मे मध्ये आमच्याकडे वादळी पाऊस ठरलेला, आणि फळीवर वाळत पसरलेला पुडा एकदा भिजला की काळा पडतो. शेवटी बोनसाची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय एकही बोद (पानांचं भरलेलं पोतं) गाडीत चढत नाही.

हे शेवटचं वाक्य आम्हाला महागात पडलं. सहाव्या हंगामात एका खरेदीदाराने सगळे हप्ते वेळेवर दिले, गोड बोलला, फळीवर येऊन आंबील प्याला. शेवटचा बोनस तेवढा राहिला होता. पाऊस तोंडावर आला, गोदामात नेतो म्हणाला, चेक दिला. आम्ही गाड्या सोडल्या. चेक परत आला. पुढचे दीड वर्ष मी नागपूरच्या फेऱ्या मारत होते. निम्मे पैसे मिळाले, निम्मे नाहीत. त्या वर्षी बोनसाच्या भरवशावर दोन घरांनी लग्नं ठरवली होती. त्या घरांसमोरून जाताना मला अजून जड जातं. तेव्हा चेक वटेपर्यंत थांबा. पाऊस आला तर माल ताडपत्रीखाली ठेवा, शाळेच्या वऱ्हांड्यात ठेवा, पण गाडी सोडू नका.

दुसरी गोष्ट भावाच्या चढउताराची. २०१७ साली तेंदूला चांगला भाव आला. पुढच्याच वर्षी तो उतरला. ज्या गावांनी चढत्या भावावर पुढचे बेत आखले त्यांच्याकडे उतरत्या वर्षी खुटकटाईलाही पैसे उरले नाहीत. म्हणून चांगल्या वर्षी बोनस वाटण्याआधी ग्रामसभेत ठराव करून काही हिस्सा बाजूला काढा. किती, ते गावाने ठरवावं. आम्ही दहावा भाग काढतो आणि तो फक्त पुढच्या वर्षीच्या खुटकटाईला वापरतो. मंदिराला नाही, क्रिकेटच्या बक्षिसालाही नाही.

कराचंही बघा. तेंदूवरचा जीएसटी १८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्के झाला. तो कोणी भरायचा हे करारात लिहा, नाहीतर खरेदीदार भाव सांगताना एक बोलतो आणि पैसे देताना कर कापून देतो. आयकराच्या कायद्याप्रमाणे तेंदू विकणाऱ्याने खरेदीदाराकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर) गोळा करून सरकारात भरायचा असतो. म्हणजे ग्रामसभेवर कर गोळा करण्याची जबाबदारी येते. याची नोटीस पहिल्यांदा आली तेव्हा गावात भीती पसरली, लोकांना वाटलं जमीन जाते की काय. तालुक्याच्या गावी एखादा सनदी लेखापाल आधीच धरून ठेवा आणि सगळ्या गावांनी मिळून त्याची फी भरा. महासंघाने एकत्र करण्याजोगं हे फार चांगलं काम आहे.

हिशेब चालत जाण्याइतका जवळ हवा

आम्ही नऊ गावांचे चौदा झालो त्या वर्षी हिशेब संगणकावर घेतला. दिसायला छान होता. फळीवर रोजचे आकडे मुंशी फोनवरून कळवायचे, तालुक्याच्या गावातला एक मुलगा ते भरायचा. जूनमध्ये एका गावातली आजी माझ्याकडे आली. तिच्या हातात मुंशीने दिलेल्या चिठ्ठ्यांची गड्डी होती. मी तिला संगणकाचा कागद दाखवला. ती म्हणाली, "थे कागद राहू दे बाई, माझे पुडे किती झाले थे सांग." कागदात तिच्या नावावर शंभर पुडे कमी होते. चूक मुलाची नव्हती. तिच्या नावाची दुसरी एक बाई त्याच गावात होती, हे गावाबाहेर बसलेल्या माणसाला कळणार कसं?

त्यानंतर आम्ही उलटं फिरलो. प्रत्येक तोडणाऱ्या घराकडे छोटं पासबुक. रोज संध्याकाळी मुंशी त्यात पुडे लिहितो आणि सही करतो. फळीवर दोन मुंशी, त्यातली एक बाई. त्या दिवसाची गावाची बेरीज फळीजवळच्या फळ्यावर खडूने. आठवड्याला फळ्याचा फोटो महासंघाकडे येतो, आणि मग तो आकडा संगणकात. आकडा गावातून वर जातो, वरून गावात येत नाही. काम थोडं वाढतं. पण तेव्हापासून माझ्या दारात गड्डी घेऊन कोणी आलेलं नाही.

वर्षाचा हिशेब वाचून दाखवायचा तर तो गावाच्या भाषेत. आमच्या काही गावांत गोंडी चालते, काहींत छत्तीसगढी. मराठीत छापलेला ताळेबंद वाचून दाखवला तर माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन एकमेकांना विचारतात, काय म्हणाली ती? मी आता प्रत्येक गावात तिथल्याच मुलीला वाचायला लावते. ती अडखळते, कोणीतरी मध्येच विचारतं, ती परत वाचते. दोन तास जातात. जाऊ द्या.

बैठकांचंही तसंच. महासंघ मोठा झाला की बैठका तालुक्याला व्हायला लागतात, कारण तिथे रस्ता आहे, झेरॉक्स आहे, चहा आहे. मग बैठकीला मोटारसायकल असलेलेच येतात. पानं तोडणाऱ्या बहुतेक बाया, आणि भाव ठरवायला बसलेले सगळे पुरुष. आम्ही बैठक गावोगाव फिरती केली आणि दुपारची ठेवली. पहिल्या वर्षी बाया कडेला बसल्या. तिसऱ्या वर्षी एका बाईने खरेदीदाराला विचारलं की पुड्यात सत्तर पानं सांगता आणि तुमचा चेकर ऐंशी मोजून घेतो, ती दहा पानं कोणाची? त्या प्रश्नाने आम्हाला जेवढं मिळवून दिलं तेवढं कोणत्याही लिलावाने दिलं नाही.

जंगल वाढत नाही, धंदा वाढतो

चौदा गावं झाली, खरेदीदार खूश झाला की तो म्हणतो, पुढच्या वर्षी जास्त माल द्या. इथे सावध राहा. गावं वाढली म्हणून तुमच्या टेकडीवर झुडपं वाढत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू तोडणं बंदच केलं. तेंदूपायी होणारी छाटणी आणि लागणाऱ्या आगी त्यांना जंगलाला परवडणाऱ्या वाटल्या नाहीत, आणि बांबूवर त्यांचं भागू शकत होतं. आम्हाला तसं करता आलं नाही, आमच्याकडे बांबू कमी आहे. पण त्यांच्यामुळे आम्ही स्वतःला विचारलं की आपण किती तोडतो, आणि आग कोण लावतं. खुटकटाई नीट झाली तर आगीची गरज पडत नाही. जिथे छाटणीची मजुरी वेळेवर मिळत नाही, तिथेच कोणीतरी काडी लावतं. म्हणजे फेब्रुवारीतला हप्ता चुकला की मार्चमध्ये जंगल जळतं. पैशाचं आणि जंगलाचं हे नातं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून पहिल्या हप्त्यासाठी मी एवढी भांडते.

मोहाचंही असंच. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग पुढे सरकत जाते. आम्ही महासंघातून झाडाखाली बांधायच्या जाळ्या घेतल्या. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहतं, भावही बरा मिळतो. जाळ्या सगळ्या घरांना पुरल्या नाहीत, त्यावरून भांडणं झाली, तेव्हा झाडांप्रमाणे पाळी लावली.

बांबू असेल तर जंगलाचे तीन भाग करा आणि दर वर्षी एकाच भागात तोड करा. कोवळा बांबू तोडायचा नाही, रांजीच्या (बांबूच्या बेटाच्या) मध्ये शिरून तोडायचं नाही, आणि प्रत्येक रांजीत जुने बांबू आधाराला ठेवायचे. आणि बांबूवर गावाचं सगळं उत्पन्न टेकवू नका. बांबू कित्येक दशकांनी एकदा फुलतो आणि फुलला की मरतो. हे आपल्या आज्यांना माहीत होतं. वाहतूक परवान्याचीही तयारी आधी ठेवा. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला पट्टा २००९ मध्ये मिळाला, पण परवान्याचं पुस्तक हातात यायला २७ एप्रिल २०११ उजाडला, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा. त्या गावाच्या लढ्यामुळे आपलं काम सोपं झालं. आता २०१२ च्या नियमांप्रमाणे ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस परवाना देऊ शकतो. पुस्तकं छापून, क्रमांक घालून, नेमलेल्या माणसाच्या सहीचा नमुना वनखात्याच्या नाक्यावर आधीच देऊन ठेवा. रात्री अकराला नाक्यावर गाडी अडवली की कायदा समजावत बसायला तिथे कोणी नसतं.

यंत्र फुकट मिळतं तेव्हा

महासंघ नावारूपाला आला की योजना येतात. आमच्याकडे जांभळाचा गर काढायचं यंत्र आलं. ते चालवायला थ्री-फेज वीज लागते, आणि आमच्या गावात ती दिवसाचे मोजकेच तास असते. जांभूळ तर तोडल्यावर एका दिवसात मऊ पडतं. गर काढला तर तो गार कुठे ठेवायचा? पहिल्या वर्षी टोपल्याच्या टोपल्या फेकल्या. बायांनी झाडावर चढून उतरवलेलं फळ होतं ते.

कोणी यंत्र देतो म्हणाला तर आधी तीन प्रश्न विचारा. माल कोण घेणार, कोणत्या महिन्यात, आणि वीज गेली तर काय? उत्तर नसेल तर यंत्र नको म्हणा. आम्ही पुढच्या वर्षी तेच जांभूळ सकाळी तोडून दुपारच्या आत ताजं विकलं, आणि यंत्र आठवड्यातल्या बाजारापुरतं ठेवलं. उत्पन्न छोटं आहे, पण फेकाफेक नाही.

कंपनी काढायची का, हेही याच वेळी विचारलं जातं. उत्पादक कंपनी दहा उत्पादकांना किंवा दोन उत्पादक संस्थांना काढता येते. प्रक्रिया केलेला माल विकायला ती उपयोगाची आहे, कारण दुकानदार बिल मागतो, परवाना मागतो. आम्ही मोहाच्या लाडवांसाठी ती काढायच्या तयारीत आहोत. पण कच्चा माल ग्रामसभेने कंपनीला विकायचा, ठरलेल्या भावाने, पावतीवर. पट्टा, जंगल आणि तेंदूचा लिलाव कंपनीकडे जाणार नाही, हे आम्ही चौदाही गावांच्या ठरावात लिहून घेतलं आहे.

शेवटी, बाहेर पडायचा रस्ता पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आमच्यातून एक गाव दोन वर्षांपूर्वी निघालं. त्यांना दुसऱ्या खरेदीदाराने जास्त भाव कबूल केला होता. आमच्या नियमात होतं की फळी सुरू झाल्यावर कोणी निघू शकत नाही, पण डिसेंबरच्या बैठकीआधी कळवलं तर बोनसाचा हिशेब आणि राखीव रकमेतला त्यांचा वाटा पंधरा दिवसांत परत द्यायचा. आम्ही तो दिला, त्यांच्याच गावात बसून, सगळ्यांसमोर वाचून. वाईट वाटलं. पण त्या गावच्या बाया आजही बाजारात भेटल्या की थांबून बोलतात.

डिसेंबरच्या बैठकीला प्रत्येक गावातून दोन माणसं बोलवा, त्यातली एक बाई. येताना गावाची वही, पट्ट्याची झेरॉक्स आणि मागच्या हंगामाची पासबुकं घेऊन यायला सांगा. आणि ही बैठक दुपारची न ठेवता सकाळी अकराची लावा, म्हणजे लांबच्या गावातल्या बायांना दिवे लागायच्या आत घरी पोचता येईल.